चालत गेलेल्या तळ्याची माती

जपानमधलं सगळ्यांत मोठं सरोवर म्हणजे बिवा. क्योतोच्या शेजारीच पसरलेलं, ६७० चौरस किलोमीटरचं. अख्खी मुंबई त्यात बुडवली तरी कडेला पाणी उरेल. आज नकाशावर जिथे ते दिसतं तिथे मात्र ते जन्मलेलं नाही. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की सुमारे ४० लाख वर्षांपूर्वी ते बरंच दक्षिणेला, आजच्या मिए प्रांतातल्या इगा खोऱ्यात होतं. एकीकडे जमीन खचत गेली, दुसरीकडे गाळाने भरत गेली. एक तळं बुजलं की त्याच्या उत्तरेला दुसरं साठायचं. असं करत करत, सुमारे ४ लाख वर्षांपूर्वी, ते आजच्या जागी येऊन टेकलं. भाडेकरूने बिऱ्हाड हलवत हलवत गावाच्या दुसऱ्या टोकाला जावं तसं.

बिऱ्हाड हलवताना काही ना काही मागे राहतंच. या तळ्याचं इगात जे राहून गेलं ते म्हणजे चिकणमातीचे जाडच्या जाड थर. तिथल्या एका नदीच्या पात्रात या थरांवर हत्तींच्या आणि मगरींच्या पायांचे ठसे सापडले आहेत. आज हिवाळ्यात जिथे बर्फ भुरभुरतं, तिथे एकेकाळी मगरी ऊन खात पडलेल्या असायच्या! पण मला ज्या गोष्टीचं नवल सांगायचं आहे ती हत्ती-मगरींएवढी मोठी नाही. ती नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही. ती आहेत मातीतली भोकं. आणि या भोकांच्या जोरावर जपानमधल्या कित्येक घरांत आज भात शिजतो.

तळ्याच्या तळाशी गाळ बसतो तेव्हा एकटी माती बसत नाही. काठचं गवत, झडलेली पानं, लाकडाचे तुकडे, शेवाळ, बारीकसारीक जीव, सगळं तिच्याबरोबर खाली जातं आणि मुरतं. इगाच्या परिसरातले कुंभार आपल्या मातीला ज्या नावांनी ओळखतात ती ऐकली की ही मुरलेली वस्तीच समोर येते. एका मातीला म्हणतात किबुशी, म्हणजे लाकडाची गाठ. कारण तिच्यात कोळशासारखे काळपट झालेले लाकडाचे कण सापडतात. दुसरी गायरोमे, म्हणजे बेडकाचा डोळा. तिच्यात गारगोटीचे दाणे असतात आणि पाऊस पडून माती भिजली की ते बेडकाच्या डोळ्यांसारखे चमकतात. मातीला असं नाव ठेवणारा माणूस पावसात खाणीवर उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला असणार, एवढं नक्की.

या मातीचं भांडं भट्टीत गेलं, की हजार अंशांच्या वरच्या धगीत हे गवत, ही पानं, ही लाकडं जळून जातात. चाळीस लाख वर्षं दडून राहिलेलं गवत काही तासांत संपतं. मात्र त्याची जागा संपत नाही. गवत होतं तिथे पोकळी उरते. भांड्याच्या भिंतीत अशा असंख्य पोकळ्या, आणि प्रत्येकीत चिमूटभर हवा.

आपल्याकडच्या वाचकाला हे अगदीच परकं वाटायचं कारण नाही. आपला कुंभार माती मळताना तिच्यात घोड्याची लीद आणि राख मिसळतो. लीद म्हणजे बारीक चावलेलं गवतच. आव्यात ते जळतं, भोकं राहतात, आणि माठातलं पाणी त्या भोकांतून पाझरून, वाऱ्याने उडून, आतलं पाणी गार करतं. आपला कुंभार जे हाताने करतो, ते इगात तळ्याने आधीच करून ठेवलेलं आहे. गंमत अशी, की ज्या भोकांनी आपल्याकडे पाणी गार होतं त्याच प्रकारच्या भोकांनी तिथे भात गरम राहतो. माठाला आतून झिलई नसते, म्हणून पाणी बाहेर येतं आणि उडतं. जपानी दोनाबेला आतून झिलई असते, म्हणून पाणी आतच थांबतं आणि भिंतीत अडकलेली हवा गोधडीचं काम करते.

दोनाबे हा शब्द आता आलाच आहे तर उलगडून घेऊ. दो म्हणजे माती, नाबे म्हणजे शिजवायचं भांडं. मातीचं भांडं, बस्स. कोकणातली तवली जशी सरळ आगीवर चढते तसं हेही सरळ आगीवर चढतं. दोनाबे उलटं करून पाहिलं तर बुडाला झिलई नसते. खडबडीत, रंगाने बिस्किटासारखं उघडं अंग. तिथे बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवला तर तो फुगून बसत नाही. कडा विरतात, थेंब चपटा होतो, आणि बघता बघता तिथे नुसता गडद डाग राहतो. दगडासारख्या कडक वस्तूने पाणी प्यायलेलं पाहताना हात आपोआप दुसऱ्या थेंबाकडे जातो. याच कारणाने ओल्या बुडाचं दोनाबे आगीवर ठेवायचं नाही, असा पहिला दंडक. पोकळ्यांतल्या पाण्याची वाफ झाली की ती वाट मागते, आणि वाट मिळाली नाही तर भांडं तडकवते.

सुकं असेल तर मात्र हेच भांडं कमालीचं सोशिक. काचेचा किंवा चिनीमातीचा पेला आगीवर ठेवला तर तडकतो, कारण तापलेला भाग पसरू पाहतो आणि न तापलेला त्याला जागा देत नाही. पोकळ्या असलेल्या मातीत थोडी हलायला जागा असते. शिवाय एखादी चीर पडलीच तर ती धावत जाऊन पुढच्या पोकळीत पडते आणि तिथेच थांबते. गर्दीच्या रस्त्यावर पळणारा चोर खड्ड्यात पडावा तशी.

इगाचं नाव जपानबाहेर लोकांनी ऐकलेलं असतं ते निन्जांमुळे. हेरगिरीत मुरलेल्या टोळ्यांचा हा मुलूख. हायकूकार बाशोचा जन्मही १६४४ मध्ये इथलाच. कुंभारकामात इगाचा पहिला डंका वाजला तो चहामुळे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस आणि सतराव्याच्या सुरुवातीला चहाविधीच्या मंडळींना वाकडीतिकडी, भट्टीत भाजून राखेने माखलेली, अंगावर हिरवट काचेचे ओघळ उतरलेली इगाची भांडी भलतीच आवडली. त्या काळातलं एक पाण्याचं भांडं तोक्योच्या गोतोह संग्रहालयात आहे. त्याचं नाव याबुरेबुकुरो, म्हणजे फाटकी पिशवी. बुडाजवळ भट्टीतच ते बसकलं आणि त्याला मोठमोठ्या चिरा गेल्या. दुसऱ्या कुणी ते उकिरड्यावर फेकलं असतं. इथे ते जपलं गेलं आणि पुढे राष्ट्रीय महत्त्वाच्या सांस्कृतिक ठेव्यांत जाऊन बसलं. मला हे भांडं फोटोत पाहताना दरवेळी थोडं हसू येतं. इतक्या दिमाखात बिघडलेली वस्तू क्वचितच पाहायला मिळते.

चहाची ती लाट ओसरली. मधे इगाच्या भट्ट्या थंडावल्या, आणि अठराव्या शतकात पुन्हा पेटल्या तेव्हा त्यांतून चहाविधीची नव्हे, स्वयंपाकघरातली भांडी निघू लागली. आग सोसणारी माती हाताशी होती, मग ती आगीवरच ठेवलेली बरी.

याच ओघात १८३२ मध्ये इगाच्या मारुबाशिरा नावाच्या वस्तीत नागातानी घराण्याची भट्टी सुरू झाली. नागातानी-एन हे तिचं आजचं नाव. डोंगराच्या उतारावर एकाला एक जोडलेल्या १६ खोल्यांची ती भट्टी अजून तिथे उभी आहे. खाली जाळ केला की धग एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत चढत जायची. सुमारे १९७० पर्यंत ती वापरात होती. आता तिथे माणसं ती बघायला येतात.

भट्टी विझली म्हणून धंदा थांबला नाही, पण त्याचं तोंड वळलं. देशभर इमारती उठत होत्या आणि इमारतींना बाहेरून लावायच्या भाजलेल्या मातीच्या टाइल्सना मागणी होती. दोनाबे बाजूला राहिलं नाही, पण घर चाललं ते टाइल्सवर. मग १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबे आणि आसपासच्या भागाला भूकंपाने हलवलं. ६,४०० हून अधिक माणसं गेली. त्यानंतर घराच्या अंगावर जड काही लावायला लोक धजावेनात. मातीच्या जड टाइल्सची मागणी कोसळली आणि घराण्यावर कर्जाचा डोंगर आला. त्या वेळी सूत्रं सातव्या पिढीच्या नागातानी युजींच्या हातात होती.

आता त्यांच्यापुढचा पेच नीट समजून घ्यायला हवा. माती होती, हात होते, आग सोसणारं भांडं करायची विद्या होती. पण जपानी घरात दोनाबे कधी निघतं? हिवाळ्यात. मध्यभागी छोटी शेगडी, तिच्यावर दोनाबे, त्यात रस्सा उकळतोय आणि भोवती बसून सगळे भाज्या, मासे, मांस त्यात शिजवून खातायत. चार महिने मजा, मग धुऊन पुसून वरच्या कपाटात. वर्षातून काही वेळाच निघणारं भांडं घरात एक असलं की पुरतं, आणि ते नीट वापरलं तर पिढीभर टिकतं. कुंभाराचं पोट त्यावर कसं भरणार? आपल्याकडे संक्रांतीच्या सुगडांवर वर्ष काढायला सांगितलं तर जसं होईल तसं.

म्हणजे भांडं रोजचं व्हायला हवं. आणि जपानमध्ये रोज काय होतं? भात.

इथेच खरी अडचण होती, कारण भात शिजवण्याच्या कामातून मातीला हाकलून चाळीसेक वर्षं होऊन गेली होती. पूर्वी भात कामादोवर, म्हणजे मातीच्या चुलीवर व्हायचा. त्या चुलीची शिकवण अशी, की सुरुवातीला जाळ मंद ठेवायचा, मधे भडकवायचा, शेवटी ओढून घ्यायचा, आणि पोर रडायला लागलं तरी झाकण म्हणून काढायचं नाही. भात होईपर्यंत कुणीतरी, म्हणजे घरातल्या बाईनेच, चुलीपाशी बसून लाकडं आतबाहेर करायची.

१९५५ च्या डिसेंबरात तोशिबाने विजेचा आपोआप बंद होणारा राइस कुकर बाजारात आणला आणि ही बैठक मोडली. तो घडवला होता मिनामी योशितादा या छोट्या कारखानदाराने, आणि त्याची पत्नी फुमिको घरी दिवसेंदिवस भात शिजवून तापमानाच्या नोंदी ठेवत होती. त्यांची युक्ती आजही वाचताना शाबास म्हणावंसं वाटतं. एकात एक दोन भांडी. बाहेरच्या भांड्यात एक पेला पाणी. ते उडून जायला साधारण वीस मिनिटं लागतात. पाणी आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही. पाणी संपलं की ते झपकन चढतं, दोन धातूंची जोडपट्टी वाकते आणि वीज तुटते. घड्याळाऐवजी एक पेला पाणी! वीस मिनिटंच का, तर तांदळातल्या कच्च्या पिठाचं पचेल असं मऊ पीठ व्हायला उकळत्या तापमानाजवळ साधारण तेवढा वेळ लागतो, आणि हे फुमिकोबाईंच्या नोंदींतून नक्की झालेलं होतं.

एवढ्या गुणी यंत्राच्या विरोधात मातीचं भांडं घेऊन उभं राहायचं म्हणजे वेडेपणाच. चव चांगली लागते, हे पुरेसं नव्हतं. चव चांगली लागते हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, तरी कुणी चुलीपाशी बसायला तयार नव्हतं. लोकांना चुलीचा भात हवा होता, चूल नको होती.

काही वर्षांच्या खटपटीनंतर २००० साली नागातानींचं भांडं आलं. नाव कामादो-सान. कामादो म्हणजे चूल आणि सान म्हणजे आपलं राव, बाई, ताई. थोडक्यात, चूलबाई. नाव ठेवणाऱ्याला बहुतेक आपण काय केलंय ते पुरतं कळलेलं होतं, कारण चुलीपाशी बसलेल्या बाईचं जे लक्ष असायचं, ते या भांड्यात मातीच्या जाडीत बसवलेलं आहे.

जवळून बघू या. बाहेरून ते एखाद्या गुबगुबीत काळ्या पक्ष्यासारखं दिसतं. उचलायला गेलं की हात दचकतो, इतकं जड. अंग जाड, बूड गोलसर. वरचं घुमटाकार झाकण काढलं की आत आणखी एक चपटं झाकण. आतल्या झाकणाला दोन भोकं, वरच्याला एक. आणि ती एका रेषेत आणायची नाहीत. वरचं झाकण असं ठेवायचं, की त्याचं भोक आतल्या दोघांपासून काटकोनात राहील. वाफेला सरळ पळून जाता येऊ नये म्हणून.

तीन गो तांदूळ घ्यायचे. गो हे त्यांचं माप, आपल्या एका लहान वाटीएवढं, १८० मिलिलिटरचं. तांदूळ धुऊन वीस मिनिटं भिजवायचे, भांड्यात ६०० मिलिलिटर पाणी घालायचं, दोन्ही झाकणं लावायची आणि गॅस मध्यमाहून थोडा मोठा करायचा. पुढे दहा मिनिटं काहीच होत नाही. पातळ स्टीलच्या पातेल्यात एव्हाना पाणी धबधबा उकळून उतू गेलं असतं. इथे गोधडी पांघरलेली भिंत उष्णता सावकाश आत सोडते. या सावकाशीला मोल आहे. चाळीस ते साठ अंशांच्या टप्प्यात तांदळातली विकरं पिठाचे लांब धागे तोडून त्यांची साखर करत असतात. पाणी त्या टप्प्यातून भर्रकन निघून गेलं तर त्यांना वेळच मिळत नाही. रेंगाळलं तर भाताला गोडी येते. म्हणजे चुलीच्या शिकवणीतला तो सुरुवातीचा मंद जाळ आला. तो आता कुणी राखत नाही, जाड माती राखते.

दहा-बारा मिनिटांनी वरच्या भोकातून वाफेची एक बारीक रेघ निघते. थोड्याच वेळात ती सुसाट होते. आत आता पेज फेसाळत आतल्या झाकणाच्या भोकांतून वर येते, दोन झाकणांमधल्या पोकळीत पसरते, तिथे थोडी निवते आणि पुन्हा खाली जाते. ओट्यावर थेंब नाही. आतलं झाकण जड असल्यामुळे वाफ थोडी कोंडते आणि दाब चढतो. आपल्या कुकरच्या मानाने हा दाब अगदीच लाजरा, शिट्टीबिट्टी काही नाही. वाफ जोरात आल्यावर मिनिट-दोन मिनिटं थांबायचं आणि गॅस बंद करायचा.

बंद. पूर्ण. बारीक नव्हे.

पहिल्यांदा करणाऱ्याचा जीव इथे खालीवर होतो, कारण तेरा मिनिटांत भात झाला असेल यावर विश्वास बसत नाही. झालेला नसतोच. पण भांड्याने आता इतकी उष्णता पिऊन ठेवलेली असते की आग नसतानाही आत तापमान झटकन उतरत नाही. पुढची वीस मिनिटं भात या उधारीवर शिजतो. तोशिबाचं एक पेला पाणी आणि नागातानींची जाड माती, दोघांनी एकाच वीस मिनिटांचा हिशेब दोन वाटांनी सोडवलेला आहे. झाकण काढलं की शितं आडवी पडलेली नसतात, बरीचशी उभी असतात. मधे वाफेने पाडलेली भोकं दिसतात. आणि बुडाशी, गॅस बंद करायला मिनिटभर उशीर केला असेल तर, सोनेरी खरपुडी. तिला ओकोगे म्हणतात आणि तिच्यावरून जपानी घरांतही भांडणं होतात, याची मला खात्री आहे.

या भांड्याची जाहिरात करताना दुकानदार दूरवरच्या अवरक्त किरणांबद्दल फार बोलतात. माती ते किरण सोडते म्हणून भात आतपर्यंत शिजतो वगैरे. किरण सोडते हे खरं आहे, पण गरम झालेली प्रत्येक वस्तू ते सोडते, माती धातूपेक्षा जास्त इतकंच. मला वाटतं जाडी, पोकळ्या आणि दोन झाकणं एवढ्यावर हे भांडं पुरेसं अद्भुत आहे. त्याला किरणांची ऊब नको.

आग सोसणारं भांडं करायची वाट मात्र ही एकच नाही. मिएच्याच योक्काइची शहरात बान्को शैलीची भांडी होतात, आणि जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या दोनाबेंत सर्वांत मोठा वाटा त्यांचा. त्यांच्याकडे तळ्याची ही माती नाही. त्यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटाला दुसरी वाट काढली. मातीत पेटालाइट नावाचा दगड दळून मिसळायचा. तो भाजला गेला की त्याचं रूप बदलतं आणि मग तापवला तरी तो जवळजवळ पसरत नाही. पसरतच नाही तर तडकेल कशाला? पेटालाइट हे लिथियमचं खनिज, आणि १८१७ मध्ये लिथियम हे मूलद्रव्य पहिल्यांदा सापडलं तेही पेटालाइटमध्येच. बान्कोवाल्यांचा पेटालाइट यायचा तो मुख्यतः झिम्बाब्वेतल्या बिकिता खाणीतून. २०२२ मध्ये एका चिनी कंपनीने ती खाण विकत घेतली, जग विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी लिथियमच्या मागे लागलेलं होतं, आणि योक्काइचीतल्या कुंभारांचा दगडाचा पुरवठा तुटला. गाडी पळवणारा आणि रस्सा उकळवणारा दगड एकच निघाला. इगाची माती खोदायला झिम्बाब्वेला जावं लागत नाही. पण तळं ती नव्याने करायला आता तिथे नाही, हेही आहेच.

कामादो-सान चाललं. इतकं चाललं की घराणं तगलं. पण गोष्ट इथे संपत नाही, कारण घरं बदलत होती. १९६२ मध्ये जपानी माणूस वर्षाला सरासरी ११८ किलो तांदूळ खायचा. आता तो आकडा ५० किलोच्या आसपास आला आहे. २०२० च्या जनगणनेत ३८ टक्के घरांत एकच माणूस राहत होतं. तीन गोचा भात त्या एकाने किती दिवस खायचा? म्हणून एका गोचं भांडं आलं. ते दोन्ही तळव्यांत मावतं आणि ओट्यावर मांजराच्या पिल्लासारखं बसतं.

बऱ्याच नव्या इमारतींत गॅसच नसतो, इंडक्शन असतं. इंडक्शन धातूच्या भांड्याच्या बुडात वीज फिरवून तापवतं. मातीत वीज फिरत नाही, म्हणजे इगाचं भांडं तिथे थंडच बसणार. यावरचा तोडगा २०१८ मध्ये आला. सिरोका या विजेची उपकरणं करणाऱ्या कंपनीबरोबर नागातानींनी कामादो-सानचं विजेवरचं रूप काढलं. ऐकायला सोपं वाटतं, पण कुंभार आणि इंजिनिअर यांना एका ओळीत उभं करून बघा. इंजिनिअरला प्रत्येक भांडं केसाएवढाही फरक न पडता सारखं हवं असतं. माती वाळताना आणि भाजताना दहाएक टक्के आक्रसते, आणि दोन भांडी कधीच नेमकी सारखी आक्रसत नाहीत. शिवाय तापमान मोजणाऱ्या यंत्राला उष्णतेची बातमी पटकन हवी असते, आणि या मातीचा सगळा गुणच मुळी बातमी उशिरा देण्यात आहे. तरी ते जमलं. बाजारात आला तेव्हा सुमारे ८० हजार येनचा एक विजेचा कुकर, ज्याच्या पोटातून मातीचं भांडं उचलून थेट जेवणाच्या टेबलावर ठेवता येतं. भात तासन्‌तास गरम ठेवायचं बटण त्याला दिलेलंच नाही. ते काम पोकळ्यांवर सोडलेलं आहे.

नागातानींच्या कारखान्यातलं माझं आवडतं भांडं मात्र भाताचं नाही. इबुशी-गिन नावाचं ते धुरी देण्याचं दोनाबे. मासे, चीज, अंडी यांना लाकडाच्या भुशाची धुरी द्यायची. फ्लॅटमध्ये हे करायला गेलं तर शेजारी दार ठोठावतील आणि छतावरची धुराची घंटा केकाटेल. म्हणून झाकण जिथे बसतं त्या काठाला गोल चर ठेवली आहे. झाकण लावलं की चरीत पाणी ओतायचं. धूर पाणी ओलांडून बाहेर येत नाही. एवढंच. शेकडो वर्षांची कुंभारविद्या आणि तोडगा काय, तर किल्ल्याभोवतीचा खंदक.

या सगळ्या भांड्यांचं झाकण वेगळं विकत मिळतं, आतलं वेगळं, बाहेरचं वेगळं, नुसतं खालचं भांडंही वेगळं. मातीचं भांडं फुटतं ते बहुतेक वेळा अर्धंच फुटतं. झाकण हातातून निसटतं आणि भांडं विधवेसारखं कपाटात बसून राहतं. स्वतः रोज वापरणाऱ्यालाच हे सुचावं. नागातानी-एनमध्ये म्हणे घडवणारा आधी स्वतः नीट वापरणारा असला पाहिजे, असा शिरस्ताच आहे, आणि झाकणांची ती यादी बघून तो खरा वाटतो.

नवं दोनाबे घरी आणलं की त्यात लगेच भात लावत नाहीत. आधी मेदोमे करतात, म्हणजे डोळे बुजवणं. हे डोळे मातीच्या पोकळ्यांचे. भांडं पाऊण पाण्याने भरायचं, त्यात उरलेला शिळा भात घालायचा, आणि मंद आचेवर तासभर त्याची पेज होऊ द्यायची. बुडाशी लागू नये म्हणून अधूनमधून ढवळायचं. पेज घट्ट होत जाते आणि तिचं खळीसारखं पाणी झिलईच्या केसाएवढ्या रेषांतून भिंतीत शिरतं. चाळीस लाख वर्षांपूर्वी तळ्याकाठी उगवलेलं गवत जिथून जळून गेलं, त्या रिकाम्या जागांत गेल्या हंगामातल्या तांदळाचं पीठ जाऊन बसतं. मग गॅस बंद करायचा आणि भांडं पूर्ण निवेपर्यंत हात लावायचा नाही. पेज ओतून द्यायची, पाण्याने विसळायचं, आणि उलटं घालून दिवसभर वाळू द्यायचं, बुडाचा तो गडद डाग जाईपर्यंत.